अठरावं लागतं तेव्हा गाडी आधीच हातात असते

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदरहून सिल्चरला जाणारा महामार्ग २७, देशातले हे दोन सर्वांत लांब रस्ते झाशीपाशी एकमेकांना छेदतात. नकाशावर पाहिले तर देशाच्या अंगावर ओढलेली एक मोठी फुली दिसते आणि तिच्या मध्यावर आमचे गाव. या फुलीवरून रात्रंदिवस कंटेनर जातात, बबीना छावणीचे लष्करी ट्रक जातात, ओरछ्याला निघालेल्या पाहुण्यांच्या टॅक्सी जातात, भुसा लादून दोन्ही बाजूंनी फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. आत जुने शहर आहे. खंडेराव गेट, ओरछा गेट, दतिया गेट, उन्नाव गेट. परकोटाचे हे दरवाजे घोडा, पालखी आणि बैलगाडीच्या मापाने बांधलेले. आज त्यांच्या आसपास ई-रिक्षा, मोटारसायकली आणि गायी एकाच वेळी वाट काढत असतात.

झाशीचे मूल गाडी शिकते ते इथे. सकाळी सहा-साडेसहाला एलाइट चौराह्यावर किंवा सीपरी बाजाराच्या बाजूला उभे राहिलात तर शिकवणीला निघालेली मुले दिसतील. एका स्कूटीवर दोन, कधी तीन. पाठीवर दप्तर, हेल्मेट बहुधा नाही, आणि चालवणाऱ्याचे वय पंधरा, सोळा, फार तर सतरा. हीच मुले अठरा पूर्ण झाल्यावर ऑनलाइन अर्ज भरतात, शिकाऊ परवाना काढतात, महिनाभर थांबतात आणि परीक्षेला जाऊन उभी राहतात. तोवर त्यांचे दोन-तीन हजार किलोमीटर झालेले असतात.

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की आपली वाहन-परीक्षा चुकीच्या जागी येऊन बसली आहे. शिकणे आधी, परीक्षा मग आणि रस्ता त्यानंतर, असा क्रम असायला हवा. आपल्याकडे रस्ता पहिल्यांदा येतो, परीक्षा उरकायची म्हणून येते आणि शिकणे बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. हा दोष एकट्या आरटीओचा नाही, एकट्या पोरांचाही नाही. कायदा, बाजार, शाळा आणि घर या चौघांनी मिळून तो घडवला आहे. म्हणून एकेकाकडे नीट पाहायला हवे.

कायदा वयाबद्दल स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वय अठरा पूर्ण हवे, प्रवासी किंवा मालवाहू गाडीसाठी वीस. सोळा पूर्ण झालेल्याला एकच सवलत आहे : ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी. त्यासाठीही अर्जावर आईवडिलांची सही लागते.

ही ५० सीसीची सवलत जेव्हा लिहिली गेली तेव्हा तिला अर्थ होता. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने पुण्या-नगरच्या बाजूला लूना काढली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे देशभरच्या मध्यमवर्गीय घरात ती दिसत राहिली. झाशीतही. पायडल मारायची, खडखडत निघायची, चढ आला की पुन्हा पायडल. तिच्यावर सोळा वर्षांचा मुलगा बसला तरी तो सायकलीपेक्षा फार वेगाने जाणार नव्हता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती गाडी होती. आज दुकानात जाऊन ५० सीसीची पेट्रोलची गाडी मागितली तर विक्रेता तुमच्याकडे बघत राहील. बहुतेक स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या. सवलत कागदावर राहिली, गाडी मात्र नाहीशी झाली.

यातून एक घातक गैरसमज तयार झाला आहे आणि तो झाशीतच काय, पुण्या-नागपुरातही घरोघरी आढळतो. मुलीला सोळा पूर्ण झाली की वडील ‘विनागियर’चा परवाना काढून देतात आणि तिला ११० सीसीची स्कूटर देतात. स्कूटरला गियर नाही, परवान्यावरही विनागियर लिहिले आहे, मग अडचण काय? अडचण अशी की तो परवाना ५० सीसीपुरता आहे. मोठ्या स्कूटरवर ती मुलगी विनापरवानाच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके यावर बोट ठेवेल. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरणसिंग खटल्यात घालून दिलेल्या तत्त्वाप्रमाणे जखमी माणसाला कंपनीकडून भरपाई मिळू शकते, पण ती रक्कम कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे बापाचे घर त्या एका शब्दावर टांगलेले असते.

विजेच्या गाड्यांची कथाही अशीच. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटरची दुचाकी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे, तिला परवाना लागत नाही. त्याहून जोरात पळणारी कोणतीही ई-स्कूटर मोटार वाहनच असते, मग विकणारा काहीही सांगो. खरेदीच्या वेळी पावतीपेक्षा हा आकडा आधी बघावा.

२०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली असे न्यायालय गृहीत धरते. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर. जानेवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने याच कलमाचा आधार घेऊन अठराखालील विद्यार्थ्यांच्या वाहन चालवण्याविरुद्ध आदेश काढले आणि शाळांनाही कामाला लावले. त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप ठेवला गेला. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सगळा देश संतापला. त्या संतापात मीही होतो. पण त्या आठवड्यातही झाशीच्या शिकवण्यांबाहेर स्कूटींची रांग जशीच्या तशीच होती.

कारण शिक्षेने प्रश्नाचे मूळ हलत नाही. दुपारी दोनला मेडिकल कॉलेजच्या बाजूला राहणाऱ्या मुलीला सदर बाजारातल्या शिकवणीला जायचे आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. ई-रिक्षा भरली की सुटते, ठरलेल्या वेळी सुटत नाही. शहर बसचा भरवसा नाही. वडील नोकरीवर, आई दुसऱ्या मुलाला आणायला गेलेली. स्कूटी दारात उभी. अशा घराला तीन वर्षांच्या कैदेची भीती दाखवून काय होणार? घर हिशेब करते आणि किल्ली देते. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. किल्ली देणारे हात बहुतेक वेळा निष्काळजी नसतात, अडलेले असतात, एवढे लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नाला हातच घालता येणार नाही.

आता परीक्षेकडे येऊ. माझी भाची २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. बारावीचा निकाल लागला होता, पुढे शिकायला बाहेर जायचे होते. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली मिसळलेली हिंदी, अशी ती वाढलेली. तिचे काम माझ्याकडे आले, म्हणून सगळा रस्ता मला पुन्हा चालावा लागला.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची, झाशीत सगळे ‘लर्निंग’ म्हणतात. सारथी या सरकारी संकेतस्थळावर उत्तर प्रदेश निवडायचे आणि अर्ज भरायचा. झाशीच्या गाड्यांवर यूपी ९३ असते, तोच आपल्या कार्यालयाचा क्रमांक. प्रकृतीबद्दलचे स्वयंघोषणापत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. केंद्रीय नियमांतले मूळ शुल्क प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी १५० रुपये आणि चाचणीचे ५०. आधार जोडलेले असेल तर चाचणी घरबसल्या देता येते. वाहतुकीच्या खुणा, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेले रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, गाडीत ठेवायची कागदपत्रे, यावर प्रश्न येतात आणि साठ टक्के बरोबर यावे लागतात.

ही घरबसल्या सोय चांगली आहे, लांबच्या तहसिलीतल्या माणसाची खेप वाचते. मऊरानीपूर किंवा गरौठ्याहून झाशीला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तरी पण ही चाचणी घरातल्या कोणा मोठ्याने शेजारी बसून सोडवून दिली तर त्यात परीक्षा काय राहिली? भाचीने विचारले, “मामा, हे तर तुम्हीच सांगून टाका ना, दोन मिनिटांत होईल.” मी सांगितले नाही. तिने दोन दिवस खुणांची पुस्तिका वाचली. रेल्वेच्या गावात वाढलेल्या मुलीला फाटक नसलेल्या क्रॉसिंगचा नियम तेव्हा पहिल्यांदा कळला.

लर्निंग सहा महिने चालते. ते मिळाल्यावर तीस दिवस तरी थांबल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या तीस दिवसांत काय करायचे तेही नियमात लिहिले आहे. शेजारी परवानाधारक माणूस बसलेला हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी. पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’. पाटी अठरा सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच. दुचाकी शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवायचे नाही. लर्निंग देशभर चालते, त्यामुळे झाशीची मुलगी ओरछ्याला, म्हणजे मध्य प्रदेशात, ‘एल’ लावून गेली तरी हरकत नाही. झाशीहून राज्याची हद्द इतकी जवळ आहे की हे माहीत असलेले बरे.

तीस दिवस ही किमान मर्यादा आहे. आपण तिला पूर्ण अभ्यासक्रम समजून बसलो आहोत. ड्रायव्हिंग स्कूलचे पंधरा दिवस, रोज अर्धा तास, त्यातही एका गाडीत तीन-चार शिकणारे. पहाटे शिवपुरी रोडवर सरळ नेतात, सरळ आणतात. क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरे असतात, म्हणून गाडी बंद पडत नाही आणि मुलाला वाटते की आपल्याला येऊ लागली.

मग स्लॉट. परीक्षेचे शुल्क ३०० आणि परवान्याचे २००, मूळ केंद्रीय दराने. तारीख निवडायची, त्या दिवशी त्या प्रकारची गाडी घेऊन जायचे, गाडीची नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू असलेले हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. लखनौला किंवा कानपूरला शिकायला गेलेल्या झाशीच्या मुलाचे काम त्याने सोपे झाले. पण आमच्यासारख्या घरांतून मुले पुण्याला, इंदूरला, ग्वाल्हेरलाही जातात. राज्य ओलांडले की ही सोय संपते. निकाल एप्रिलमध्ये, प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये. मधल्या अडीच-तीन महिन्यांत लर्निंग, तीस दिवस आणि स्लॉट हे सगळे बसवायचे असते. त्यात एकदा नापास झाले तर वेळापत्रक कोलमडते. म्हणून ज्यांच्या घरी अठरावे जवळ आले आहे त्यांनी वाढदिवसाच्या आठवड्यातच लर्निंगचा अर्ज करावा आणि परीक्षेची तारीख मात्र तीस दिवसांनी लगेच घेऊ नये. दोन-अडीच महिने हाताशी ठेवून सराव करावा.

भाची पहिल्या वेळी नापास झाली. खुणांच्या मधून गाडी मागे घ्यायची होती, तिने दोनदा खुणेला धक्का दिला. निरीक्षकांनी शांतपणे सांगितले, “बिटिया, पीछे लेना सीखो.” चूक आमची होती. घरात तिला आम्ही सहा आठवडे पुढे चालवायला शिकवले, मागे घ्यायला एकदाही नाही. गल्लीत गाडी लावायची वेळ आली की मीच स्टिअरिंग घेत असे. नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीन वेळा नापास झाले तर साठ दिवस थांबावे लागते आणि २०१९ पासून त्याला पुन्हा प्रशिक्षण घेण्याचे बंधनही आहे. त्या सात दिवसांत आम्ही रोज पहाटे अर्ध्या क्लचवर गाडी मागे घेण्याचा सराव केला आणि दुसऱ्या वेळी ती पास झाली.

नापास होणे तिला फार लागले. शाळेत नव्वद टक्क्यांच्या खाली न गेलेली मुलगी. मला मात्र त्या दिवशी आनंद झाला होता, कारण कोणीतरी तिला खरोखर तपासले होते.

कशाची तपासणी व्हायला हवी, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या पंधराव्या नियमात इतके सुंदर लिहिले आहे की तो प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर लावावा. गाडी सुरू करण्याआधी आरसा नीट करणे. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे न सरकू देणे. ओलांडणे, ओलांडू देणे. आवश्यक तेव्हा झटकन खालच्या गियरमध्ये येणे. अरुंद जागेत मागे घेणे. पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या ठिकाणी पायी ओलांडणाऱ्याला आधी जाऊ देणे. रस्त्याच्या स्थितीप्रमाणे वेग राखणे. पायी चालणारा, सायकलवाला, दुसरा चालक पुढच्या क्षणी काय करील याचा अंदाज घेणे. लक्ष विचलित होऊ न देणे. आणि शेवटी, रस्त्यावरच्या इतरांशी सौजन्याने वागणे. अशी वीसहून अधिक कलमे आहेत.

या यादीतल्या किती गोष्टी आठच्या आकड्यात दिसतात? दुचाकीवर पाय न टेकवता आठ काढला, मोटार खुणांमधून मागे घेतली, की हाताचा ताबा कळतो. अंदाज घेणे, थांबणे, दुसऱ्याला वाट देणे हे डोळ्यांचे आणि मनाचे काम आहे. ते मोकळ्या मैदानात दिसूच शकत नाही, कारण मैदानात दुसरे कोणी नसते. झाशीत जीवन शाह तिराह्यावर उजवीकडे वळताना समोरून टेंपो, डावीकडून उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल आणि मध्ये थबकलेली म्हातारी, हे तिघे एकदम येतात. तिथे जे कौशल्य लागते त्याची परीक्षा कोणीच घेत नाही. नियम ती घ्यायला सांगतो, हा माझा मुख्य मुद्दा. नवा कायदा करण्याची गरज नाही. १९८९ पासून जे लिहिलेले आहे ते करायचे आहे.

ते होत नाही याची कारणे अनेक. एका निरीक्षकापुढे दिवसभरात किती उमेदवार येतात आणि प्रत्येकाला किती मिनिटे मिळतात, हे कोणत्याही कार्यालयाबाहेर तासभर उभे राहून मोजता येते. आणि दुसरे कारण दलाल. त्याबद्दल भारतात झालेला सर्वांत गाजलेला अभ्यास दिल्लीचा आहे. मरियान बर्ट्रांड, सिमियोन जँकोव्ह, रेमा हॅना आणि सेंथिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४-०५ मध्ये ८२२ अर्जदारांचा माग ठेवला. काहींना लवकरात लवकर परवाना मिळवल्यास बक्षीस देऊ केले, काहींना फुकट ड्रायव्हिंगचे धडे दिले, बाकीच्यांना काही दिले नाही. २००७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. परवाना मिळवणाऱ्यांनी सरासरी सरकारी शुल्काच्या सुमारे दुप्पट पैसे मोजले होते. जवळजवळ साठ टक्के लोकांनी परीक्षाच दिली नव्हती. आणि अभ्यासकांनी स्वतंत्रपणे चाचणी घेतली तेव्हा ५४ टक्के परवानाधारकांना गाडी चालवता येत नव्हती. सर्वांत वाईट गोष्ट अशी की दलालाशिवाय सरळ मार्गाने गेलेल्यांना नापास करण्याचा त्यांना गाडी येते की नाही याच्याशी फारसा संबंध नव्हता. चांगला चालवणाराही पडत होता. असे झाले की शिकण्याचे कारणच नाहीसे होते.

हा अभ्यास वीस वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्या शहराचा आहे. अर्ज तेव्हापासून ऑनलाइन झाले, पैसे खिडकीवर जात नाहीत. तो मी इथे आणला तो यासाठी की त्याने घाव कुठे आहे ते दाखवले. पालक जेव्हा म्हणतात, ‘कशाला मुलाला उन्हात उभे करता, करून घेऊ कोणाकडून तरी’, तेव्हा ते आपल्याच मुलाच्या हातातून शिकण्याची शेवटची संधी काढून घेत असतात. अठरा वर्षांचे मूल त्या दिवशी सरकारी कार्यालयाशी पहिल्यांदा स्वतः व्यवहार करते. तिथे त्याने काय पाहिले हे त्याला जन्मभर आठवते.

माणसाच्या जागी यंत्र आणावे, हा दुसरा उपाय. देशात जागोजागी सेन्सर आणि कॅमेरे लावलेले मार्ग झाले आहेत. पुण्यात मोटारीची चाचणी भोसरीच्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या मार्गावर घेतली जाते. तिथे चढ, आठ आणि मागे घेण्याच्या खुणा आहेत. डेहराडूनमध्ये २०१९ पासून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी बनवलेली पद्धत वापरली गेली : गाडीच्या काचेवर लावलेला स्मार्टफोन रस्ता आणि चालकाचा चेहरा दोन्ही पाहतो, आणि चालकाने आरशात पाहिले की नाही हेही टिपतो. यंत्राला ओळखपाळख नसते आणि लाच घेता येत नाही, म्हणून त्याचे स्वागत करावे. पण आखलेल्या मार्गावरचे यंत्रही आखलेल्या गोष्टीच मोजते. तिराह्यावरची म्हातारी त्याच्या मार्गावर येत नाही.

तिसरी वाट २०२१ च्या नियमांनी उघडली : मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रे. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास, त्यातले आठ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतल्या चाचणीतून सूट. २०२४ च्या उन्हाळ्यात ‘आता आरटीओत जायची गरज नाही’ अशी बातमी पसरली ती याच्याच अर्धवट माहितीवर. अशा केंद्राचे प्रमाणपत्र असेल तरच सूट आहे, गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलचे असेल तर नाही. २१ तास गाडीवर हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. पंधरा दिवस अर्धा तास म्हणजे साडेसात तास. जवळच्या अंतरावर अशी केंद्रे आली आणि त्यांचे शुल्क शेतकऱ्याच्या मुलाला परवडले तर आठच्या आकड्याची चर्चाच करावी लागणार नाही. मात्र सूट देणाऱ्या केंद्रावर कडक नजर हवी, नाहीतर दलाल फक्त पत्ता बदलेल.

बाहेरच्या देशांत या वयाचा विचार वेगळ्या रीतीने झाला आहे आणि तिथे गेलेल्या मराठी घरांना तो रोज अनुभवायला मिळतो. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. नंतर ती अनेक देशांनी उचलली. कॅलिफोर्नियात साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, पण पुढे किमान सहा महिने थांबायचे, प्रशिक्षकाबरोबर सहा तास आणि आईवडिलांबरोबर पन्नास तास गाडी चालवायची. त्यातले दहा तास रात्रीचे. परवाना मिळाल्यावरही पहिले वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही आणि वीस वर्षांखालच्या मित्रांना मोठ्यांशिवाय बसवायचे नाही. या सगळ्यामागचे निरीक्षण साधे आहे. तरुण चालकाला धोका रात्री आणि मित्र बरोबर असताना वाढतो. आपल्याकडे अठराच्या आदल्या दिवशी सगळे निषिद्ध आणि परवाना हातात आला की त्याच रात्री चार मित्रांना घेऊन खजुराहोला जायला पूर्ण मोकळीक. मधली पायरीच नाही.

ही पायरी आपण घालू शकतो. सोळा ते अठरा या वयासाठी आजच्या बाजाराला जुळणारी, वेगाची मर्यादा असलेली दुचाकी, हेल्मेटची सक्ती, मागे कोणी बसवायचे नाही, रात्री चालवायची नाही आणि खऱ्या परीक्षेनंतरच परवाना, असा टप्पा कायद्यात आला तर शिकवणीला जाणारी मुलगी विनापरवाना राहणार नाही. ५० सीसीचे कलम जिवंत आहे; त्यातला आकडा काळाप्रमाणे बदलायचा आहे. अठराखाली कोणालाच गाडी नको, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही मी ऐकले आहे. शाळेच्या बस आणि शहर बस भरवशाच्या असत्या तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

या प्रश्नाचे माप किती, तेही सांगायला हवे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात अठरा वर्षांखालची ९,५२८ होती. सर्वांत जास्त मृत्यू उत्तर प्रदेशात झाले : २२,५९५. देशभरात दुचाकीवरचे ७४,८९७ जण गेले आणि हेल्मेट न घातल्याने ५०,०२९. पाच ते एकोणतीस या वयातल्या माणसांचा जीव घेणाऱ्या कारणांत जगभर पहिला क्रमांक रस्ते अपघातांचा आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

परवान्याचे कार्ड आले त्या दिवशी भाचीने ते देव्हाऱ्यासमोर ठेवले आणि मग माझ्या हातात दिले. मी मागची-पुढची अक्षरे वाचत होतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून तीस वर्षांखालच्या माणसाला दिलेला परवाना त्याच्या वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. तिच्या कार्डावर मुदत २०४७ ची आहे. तोपर्यंत तिला कोणीही पुन्हा गाडी चालवून दाखवायला सांगणार नाही.